उतावळ्या किती दिवस काढील?

आमच्याकडे पाहुणे यायचे असले की सुमन, म्हणजे माझी बायको, फळांची परडी आधी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवते. परडी बाहेर राहिली तर मी एकेक फळ हातात घेणार, देठाशी अंगठा लावणार, नाकाशी नेणार आणि "हे आजच संपवा, हे परवापर्यंत चालेल, आणि हे कुणी आणलं?" असं सर्वांसमक्ष विचारणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे. एकदा व्याह्यांकडे गेलो असता त्यांनी कौतुकानं पुढे ठेवलेल्या चिकूंची मी अशी उलटतपासणी घेतली की परतीच्या एसटीत सुमन माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. "तुम्ही रिटायर झालात ना? मग फळांनाही होऊ द्या," असं ती म्हणते. तिचं बरोबर आहे. पण हाताला लागलेली खोड काही पगाराबरोबर बंद होत नाही.

पेणहून रोह्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला आमच्या शेठचं आंबा पॅकिंगचं शेड होतं आणि त्याला लागून एक शीतखोली होती. त्या खोलीचा मी ऑपरेटर. त्याआधी मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यात होतो. तिथलं काम सरळ होतं, जितकं गार तितकं बरं. मासा मेलेला असतो, त्याची काही तक्रार नसते. आंब्याचं तसं नाही, हे मला शिकावं लागलं आणि शेठनाही शिकावं लागलं.

ज्यांनी आंबा फक्त ताटात पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. झाडावरून उतरवला म्हणून आंबा मरत नाही. तो श्वास घेत राहतो, आतल्या आत तापतो, पिकतो, म्हातारा होतो आणि मग सडतो. आमचं काम त्याला थांबवायचं नव्हतं, कारण थांबला तर तो मेलाच. त्याला जरा सावकाश घ्यायला लावायचं, एवढंच काम. सकाळच्या गारव्यात झेल्यानं, म्हणजे जाळी आणि पातं लावलेल्या लांब काठीनं, तो देठासकट उतरवायचा. देठ मुळाशी तुटला तर चीक ओघळतो आणि साल भाजते. मग उन्हात ठेवायचा नाही, आपटायचा नाही, सावलीत निवू द्यायचा आणि मगच खोलीत न्यायचा. कच्च्या मालात पिकलेला एकही राहू द्यायचा नाही, त्याचा वारा लागला की बाकीचे सगळे त्याच्या मागे लागतात. सगळं धीराचं काम. आणि ते करायला कोण, तर मी. मला एसटी स्टँडवर बाकावर बसवत नाही. गाडी कुठवर आली हे बघायला मी रस्त्यावर जाऊन उभा राहतो, जसं काही मी बघितल्यानं ती लवकर येणार आहे.

पहिल्या मोसमात मी शीतखोलीचं दार इतक्या वेळा उघडलं की शेठ हैराण झाले. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत जाणार, मशीन धापा टाकणार. पण आतले आंबे काय करताहेत हे बघितल्याशिवाय मला चैन पडेना. "अरे, ते काय पळून चाललेत का?" शेठ ओरडायचे. शेवटी त्यांनी पनवेलहून माणूस आणून दाराला एक चौकोनी काच बसवून घेतली. ती खास माझ्यासाठी होती, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ही ह्याची टीव्ही."

बागायतदार पेट्या घेऊन आले की एकच प्रश्न विचारायचे. "किती दिवस काढील?" आंबा टिकेल का, असं कुणी विचारायचं नाही. किती दिवस काढील. दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसं हाच प्रश्न ह्याच दबल्या आवाजात विचारतात, आणि तिथला डॉक्टर जसा तोंडावर काही दिसू देत नाही तसाच मीही देत नसे. देठ बघायचो, खांदे भरलेत का बघायचो, उगाच एक आंबा पाण्यात सोडून तो बुडतो की तरंगतो ते बघायचो आणि मग सांगायचो. माझा अंदाज बहुतेक खरा ठरे. त्याचा मला गर्व होता, आणि आता लपवत नाही, अजून आहे.

शेठना मात्र अंदाजावर भागत नव्हतं. त्यांना पावसाळ्यात हापूस विकायचा होता. "तेरा अंशावर एवढा टिकतो, तर पाचवर किती टिकेल? हिशोब सरळ आहे," म्हणाले. मी बर्फाच्या कारखान्यातून आलेला, मलाही तो सरळ वाटला. काचेतून बघावं तर आंबे कसे हिरवेगार, तुकतुकीत. शेठ खूश, मी खूश. बाहेर काढल्यावर ते तसेच हिरवे राहिले, मग राखाडी झाले, अंगावर खड्डे पडले आणि आतून पुठ्ठ्यासारखे निघाले. पिकला त्यातला एकही नाही. आंब्याला गारठा बाधतो हे आम्हा दोघांना एकाच दिवशी कळलं. शेडच्या मागे खड्डा करून ते पुरले. तेव्हापासून तेरा हा आकडा शेठनी मशीनच्या वर शेंदरानं लिहून ठेवला, देवासारखा.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पेणजवळच्या जोह्याचा एक मूर्तिकार दरसाल यायचा, तो आंबा खायला नेत नसे. त्याला पिकायला लागलेल्या हापूसचा एक ठरावीक पिवळा हवा असे, गणपतीच्या पितांबरासाठी. ढीग उपसून तो एक फळ निवडायचा आणि म्हणायचा, "याचा रंग मना असाच पायजे, रंगकाम होयपर्यंत. उद्या जर केशरी झाला तर माझे सगले बाप्पा केशरी." मी त्याला म्हणायचो, अरे बाबा, फोटो काढून ने. तो म्हणायचा, फोटोतला पिवळा खोटा असतो. मग त्याचा तो एकुलता एक आंबा मी खोलीत वेगळ्या कोपऱ्यात ठेवायचो आणि तो दर आठवड्याला येऊन काचेतून त्याचं दर्शन घेऊन जायचा.

पण मला सांगायचं आहे ते हिरूबायबद्दल.

हिरूबाय कासूच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातली. हिवाळ्यात मिठागरावर राबायची आणि आंब्याच्या दिवसांत आमच्या शेडवर माल निवडायला यायची. निवडणाऱ्या बायकांत तिचा आवाज सगळ्यात मोठा आणि हात सगळ्यात हलका. तिनं पेटीत ठेवलेला आंबा डागाळला असं कधी झालं नाही. आमची पहिली खडाजंगी झाली ती अगोटीच्या दिवसांत. अगोट म्हणजे आमच्याकडे पावसाळ्याआधीची बेगमी. मीठ, मिरची, कांदे, लाकडं आणि सुकी मासळी, सगळं घरात भरून ठेवायचं. त्या सुमारास शीतखोलीतून एक माल पेणच्या गिऱ्हाइकांना गेला, आणि त्यातले एक निवृत्त मास्तर पेटी घेऊन परत आले. भले माणूस, रागावले नाहीत. म्हणाले, "आंबा उत्तम आहे. फक्त पुढच्या खेपेला आधी कळवा, म्हणजे सोबत भाकरी टाकायला सांगतो."

मी वास घेतला. हापूसला सुकटीचा वास. खोली उघडून बघतो तर मागच्या रांगेत, पेट्यांच्या आड, फडक्यात बांधलेली हिरूबायची सुकटीची टोपली. मी थयथयाट केला. ती कमरेवर हात ठेवून उभी.

"घरात मांजरा हायेत," ती म्हणाली. "तुमच्या खोलीला कुलूप हाय. म्हनून ठेवली."

"अगो, पण फळ वास ओढून घेतं! जिवंत असतं ते!"

"मंग नाक दाबून ठेवा त्याचा."

बायका खो खो हसल्या. अख्खा माल वाया गेला, शेठची बोलणी मी खाल्ली, आणि सुकट मात्र तिची शाबूत राहिली. पुढे कधीही शीतखोलीजवळ गेलो की मागून कुणीतरी विचारायचं, "सुकट बरी हाय ना?" आणि माझी ती दाराशी सतराशे साठ वेळा जायची सवय बघून हिरूबायनंच मला नाव दिलं, उतावळ्या.

ते नाव मुळात तिच्या दारातल्या आंब्याचं. खारेपाटात, म्हणजे त्या खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, विहिरीचं पाणीसुद्धा मचूळ, तिथं गोड असं काही उगवत नाही. पण हिरूबायच्या घरापुढच्या उंचवट्यावर एक रायवळ आंबा होता. तिचं माहेर रोह्याकडचं, कुंडलिकेच्या काठचं. लग्न होऊन येताना तिनं माहेरच्या झाडाची कोय ओटीच्या तांदळात खुपसून आणली आणि सासरच्या दारात पुरली. पुढे माहेरी कंपनी आली, जमीन गेली, ते मूळ झाड गेलं, भाऊ कुठेकुठे पांगले. राहिला हा एक. त्याला गाव उतावळ्या म्हणायचं, कारण तो घाईचा. सकाळी पाडाला लागलेला दिसला की दुपारी पिकणार, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या आत देठाभोवती काळा पडून रस गाळायला लागणार. चव अशी की हापूस खाल्लेला माणूस बोटं चाटत गप्प बसेल. पण टिकण्याच्या नावानं शून्य. हिरूबाय तो शेडवर आणायची, बायका तिथल्या तिथं चोखून संपवायच्या. मी त्याला नावं ठेवायचो. "हा आंबा नव्हे, ही अफवा आहे. आली कधी नि गेली कधी, कळत नाही," असं म्हणायचो. धंद्याच्या दृष्टीनं त्याच्याइतकं नालायक फळ मी दुसरं पाहिलं नाही.

मग एका वर्षी होळीच्या पुनवेच्या उधाणाला त्यांच्याकडचा खारबांध फुटला. भरतीचं पाणी शेतांत शिरलं ते ओसरेना. घर थोडक्यात वाचलं, पण उंचवट्याच्या चहूबाजूंनी खारं पाणी साचून राहिलं. हिरूबाय त्या मोसमात कामावर आलीच नाही. गावची माणसं मिळून बांध घालत होती, तीही पाट्या वाहत होती. आली ती एकदम मोसम सरताना, उशिराच्या बागांचा शेवटचा माल आमच्या खोलीत असताना. डोक्यावर टोपली, टोपलीत पेंढा आणि पेंढ्यात उतावळ्याचे कच्चे आंबे. नेहमीपेक्षा बारीक, पण खांदे भरलेले. तिनं ते एकेक करून देठासकट उतरवले होते.

"दादा," ती म्हणाली. एरवी ती मला दादा म्हणत नसे. "आंबा वाचवायचा हाय. मुलांना खार लागला, पाला सगला करपला. झाड काय जगत नाय आता. यवढाच राह्यलाय."

"मुलांना?" मी दचकलो.

"झाडाच्या मुलांना हो. खालच्या."

मुळांना, असं तिला म्हणायचं होतं. मी टोपली उतरवून घेतली. "कधीपर्यंत ठेवायचा?"

"पाऊस पडूंदे. जमिनीतला खार धुऊन जाऊंदे. मंग नेतंय. तुमच्याकडं ऱ्हाईल ना तवर?"

मला वाटलं, बांधाच्या कामातून मोकळी झाली की नेईल, गणपतीला नैवेद्य दाखवील, शेवटचा म्हणून गावाला वाटील. जास्त विचारलं नाही. खरं तर माझ्या अंगात वारं शिरलं होतं. उतावळ्याला थोपवायचं! ज्याला कुणी एक दिवस थोपवू शकलं नाही त्याला पाऊस धुऊन जाईपर्यंत थोपवायचं! हापूस काय, कुणीही टिकवील. मी एकेक फळ पुसलं, देठ जपले, सावलीत निववलं, कागदात गुंडाळलं आणि मूर्तिकाराच्या कोपऱ्यात त्याची जागा केली. मग काचेला नाक लावून उभा राहिलो.

उतावळ्या टिकला. मला स्वतःला खरं वाटेना. पाऊस सुरू झाला तरी फळ हिरवं, ताठ, देठ जागच्या जागी. मी शेठना ओढून आणून दाखवलं, सुमनला रोज घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "स्वतःला थोपवायला शिकलात तर जास्त बरं."

एका दुपारी हिरूबाय इरलं घेऊन पावसातून आली. तिनं काचेतून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"कसा हाय?"

"टकाटक! हात लावून बघ. अजून दिवस काढील."

"आनि कोय?"

"कोयीचं काय?"

"कोय बरी हाय ना आतली?"

"कोय कुणाला हवी आहे?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी अभद्र बोललो. "कोयच तर पायजे, दादा. फल घेऊन मी काय करू? लावायचा हाय तो. आता जमिनीत खार हाय, आता लावला तर मरंल. म्हनून तर तुमच्याकडं ठेवला. मी बोल्ले ना तुमाला, आंबा वाचवायचा हाय."

बोलली होती. अगदी ह्याच शब्दांत बोलली होती. आपल्या भाषेत झाडही आंबा आणि फळही आंबा, आणि तोवर मला त्यात कधी अडचण दिसली नव्हती. माझा आंबा म्हणजे पेटीत मावणारा. तिचा आंबा म्हणजे ज्याच्याखाली खाट टाकता येते तो. दोघं एकच शब्द बोललो आणि दोघांनी आपापला आंबा ऐकला.

मला आठवले ते पाच अंशावर गारठलेले हापूस, आणि तेरावर आतल्या कोयीचं काय होतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी तडक शेठच्या फोनवरून रोह्याच्या एका रोपवाटिकेतल्या ओळखीच्या माळ्याला गाठलं. तो म्हणाला, "आंब्याची कोय म्हणजे काय गव्हाचा दाणा आहे, कोठारात भरून ठेवायला? ती ओली तोवर जिवंत. वाळली की मेली, आणि गारठली तरी मेली. कधीपासून आहे आत?" मी सांगितलं. तो नुसतं "अरेरे" म्हणाला. मग म्हणाला, "अजून एखादी धुगधुगी असेल तर बघा. आजच्या आज बाहेर काढा, पिकवा आणि मगच कोय काढा."

मी हिरूबायला सगळं सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं, निदान शिव्या देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मंग उभं काय ऱ्हायलाव? उघडा दार!"

टोपली घेऊन आम्ही दोघं रिक्षानं पेणला आमच्या घरी आलो. सुमननं माजघरात पेंढा पसरून अढी घातली. मी बाजारात धावलो, पिकलेली केळी आणली आणि वारा लागावा म्हणून मुद्दाम अढीत खुपसली. आयुष्यभर जे होऊ नये म्हणून जपलं ते आता हातानं करत होतो. आणि उतावळ्या? तो पिकेना. ज्या फळाला कधी दम निघाला नाही, ते नेमकं आता दम धरून बसलं. माझ्या थंडीनं त्याला चांगलाच धडा शिकवला होता. मी दर थोड्या वेळानं पेंढा उचकटून बघायचो, त्याच्याशी बोलायचो. "पिक ना रे बाबा, पिक. एरवी घाई असते ना तुला?" माझी ती तगमग बघून सुमनला हसू यायचं. मला हसू येत नव्हतं. त्या पेंढ्याखाली एका बाईचं सगळं माहेर होतं, आणि ते मी गारठवलं होतं की वाचवलं होतं, हे मला कळत नव्हतं.

शेवटी पिकले. सगळे नाही, काही सुरकुतून तसेच गेले. हिरूबायला निरोप धाडला. परसदारी पडवीत बसून आम्ही तिघांनी ते खाल्ले, कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर. एक आंबा चोखून झाल्यावर हिरूबाय म्हणाली, "आयस अशीच बसायची माझी, पडवीत." मग ती रडली, आणि सुमन तिच्या पाठीवर हात फिरवत बसली. मी पुढचा आंबा सोलायला घेतला.

कोयी धुतल्या. माळ्यानं सांगितल्याप्रमाणे वरचं कवच कातरून आतली बी बघितली. बऱ्याच काळ्या पडलेल्या. ज्या पांढऱ्या दिसल्या त्या सुमननं परसातली माती भरलेल्या पिशव्यांत लावल्या आणि पिशव्या पागोळीपासून दूर, आडोशाला ठेवल्या. गावची जमीन गोड होईस्तोवर रोपं आमच्याकडेच राहायची, असं ठरलं.

आता मुख्य धोका राहिला तो मी. काचेतून बघायची सवय, पण मातीला काच नसते. दहा दिवस कळ काढली. अकराव्या दिवशी एका पिशवीत बोट घालून जरासं उकरलं. कोंब दिसतोय का एवढंच बघायचं होतं. कोंब होता, नखाएवढा, आणि तो माझ्या बोटाला लागून मोडला. सुमननं ते पाहिलं. ती सरळ बाहेर गेली, शेजारच्या कुंपणातून बोरीच्या काटेरी फांद्या तोडून आणल्या आणि शेळीपासून राखतात तशा पिशव्यांभोवती रचल्या. "ह्याच्या पलीकडे यायचं नाही," म्हणाली. शेजारणीनं विचारलं, "शेळी कुठाय हो तुमच्याकडं?" सुमननं माझ्याकडे बोट दाखवलं.

काट्यांच्या अलीकडे उभं राहून मी तो पावसाळा काढला. बाकीच्या पिशव्या नुसत्या मातीच्या राहिल्या. एकीतून तेवढी तांबूस पानं वर आली, ओली, मान टाकलेली. हिरूबायला दाखवलं तेव्हा तिनं हात जोडले. रोपाला नाही, सुमनला.

जमिनीतला खार उतरायला आणखी पावसाळे जावे लागले. मग एके सकाळी आम्ही तिघं रोह्याच्या पॅसेंजरनं कासूला उतरलो, रोप हिरूबायच्या मांडीवर. उंचवट्यावर जुना बुंधा अजून उभा होता, साल गळालेली. त्याच्यापासून थोडं हटून नवा लावला. माळ्यानं मला आधीच बजावलं होतं, आणि मी ते तिच्यापासून लपवलं नाही. कोयीचं झाड मुळासारखंच निघेल याची खात्री नसते. आंबट निघेल, दोऱ्याचं निघेल, दुसराच कुणी निघेल. हिरूबाय म्हणाली, "निगूंदे तर."

मध्ये बरंच काही झालं. शेठनी शेड विकलं. नव्या लोकांनी मोठ्या मशीन आणल्या, त्यांत फळाच्या श्वासाची हवासुद्धा मोजून सोडतात म्हणे. मी रिटायर झालो. दाराची ती काच मला मागून घ्यायची होती, राहून गेलं. हिरूबायशी गाठ पडायची ती पेणच्या बाजारात, आणि माझा प्रश्न ठरलेला, "आला का मोहर?" ती म्हणायची, "तुमच्या घाईनं नाय यायचा."

मग अलीकडे तिच्या नातवाच्या मोबाईलवरून फोन आला. "दादा, आंबा धरलाय, पाडाला लागलाय. या."

मी सुमनची वाट न बघता निघालो. झाडाला मोजकीच फळं होती. हिरूबाय आता काठी घेऊन चालते. तिनं पाडाचा एक माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला. मी चोखला. गोड होता. फार गोड होता. पण तोच का? मी इतक्या वर्षांपूर्वीची चव आठवायला लागलो आणि जितकी आठवत गेलो तितकी ती निसटत गेली. तिच्याकडे बघितलं.

"माझी जीभ आता म्हातारी," ती म्हणाली. "मना सगलाच गोड लागतो. तुमी सांगा. तुमचा धंदा हाय. त्योच हाय का यो?"

मला सांगता येईना. आयुष्यभर फळाकडे बघून त्याचं भविष्य सांगितलं, त्याचं मागचं मला ओळखता येत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी एक फळ रुमालात बांधून घेतलं आणि म्हणालो, "उद्या सांगतो."

घरी आणून ते खिडकीत ठेवलं. पिकलेलं, पिवळं, एक डाग नाही. झोपेपर्यंत त्याच्याकडे फेऱ्या मारल्या. तसंच होतं, ताठ. इतकं चांगलं टिकतंय, म्हणजे हा तो नव्हे. हा दुसराच कुणी शहाणा, टिकाऊ आंबा. कुणाही बागायतदाराला हवासा. हिरूबायला काय सांगू?

सकाळी सुमननं चहा ठेवला तोच मी खिडकीशी गेलो. देठाभोवती काळं कडं पडलं होतं. मी अंगठा लावला, तो आत गेला. खालच्या फळीवर रसाचा ओघळ, त्याला मुंग्या लागलेल्या. चहा उकळायच्या आत गेलेला. मी असा ओरडलो की सुमन पक्कड हातात घेऊन धावत आली.

मी फोन लावला. नातवानं तिला दिला.

"हिरूबाय, सडला! अगो, सडला!"

मग तिचा तो शेडवरचा आवाज कानात घुसला, माझ्याशी नव्हे, सगळ्या आळीशी बोलणारा. "आयकलाव काय गो? सडला! त्योच हाय! माझ्या म्हायेरचाच हाय!"

बराच वेळ ती ओरडत होती आणि मी फोन कानाला लावून ऐकत होतो. ज्या शब्दानं मी उभा जन्म धास्तावलो, तो कुणी असा आनंदानं गावभर सांगेल असं वाटलं नव्हतं. वळून बघतो तर सुमननं खिडकीतलं ते फळ उचललं होतं. मोरीवर नेऊन तिनं त्याची कोय स्वच्छ धुतली. मी हात पुढे केला, तर कोय माझ्याकडे न देता तिनं पदरात धरली आणि काटेरी फांद्या आणायला परसदारी गेली.